उलट्या पिळाचा नाडा

लग्नात घास भरवायची वेळ आली तेव्हा तिनं लापशीचा घास माझ्या तोंडात घालायचा तो नाकात घातला. मी शिंकलो. अख्खा मांडव हसला, भटजीसुद्धा हसले. मला वाटलं, पोरगी लाजली. लाजलीबिजली काही नव्हती. ती डावरी होती. तिच्या बापानं दटावून दटावून तिला उजव्या हातानं जेवायला शिकवलं होतं, पण दुसऱ्याचं तोंड कुठं असतं ते त्या हाताला ठाऊक नव्हतं.

दोन सोयरिकी त्या हातापायी मोडल्या होत्या म्हणे, म्हणून तिसऱ्या खेपेला त्यांनी तोंड उघडलं नाही. आणि आमच्या माणसांनी तरी काय विचारलं? दात बघितले, चाल बघितली, भाकरी येते का विचारलं. येते म्हणाली. कुठल्या हातानं, हे कुणी विचारलं नाही. पोरगी अठरा वर्षांची, त्या काळात म्हणजे घोडनवरीच, तेव्हा थोडी चौकशी करायला हवी होती. बरं झालं नाही केली.

हे पिंपरीला कारखान्याचं काम नुकतंच निघालं होतं तेव्हाचं. आमचं गाव देहूरोडच्या पलीकडं, चाकणच्या वाटेवर. देहूरोडच्या डेपोचा भोंगा झाला की आमची न्याहारी व्हायची. रानात कांदा, गहू, थोडा हरभरा. दावणीला दोन बैल आणि एक म्हैस. घरात आई, दादा म्हणजे माझे वडील, मी, आणि आता ती. घर दोन खणांचं. थोरांच्या देखत नवरा-बायकोनं बोलायचं नाही ही रीत, आणि दोन खणांत थोरं नाहीत अशी जागा कुठली काढायची? लग्नाला सात महिने झाले तरी आम्ही एकमेकांशी पुरती दहा वाक्यं बोललो नव्हतो. त्यातली चार म्हशीबद्दल होती.

आईनं तिचा हात तिसऱ्याच दिवशी ओळखला. थापताना भाकरी परातीत फिरते, ती सगळ्या बायकांची एकीकडं फिरते. हिची दुसरीकडं फिरायला लागली. आई म्हणे मला बघूनच गरगरलं. जात्यावर तर तमाशाच. सासू-सून समोरासमोर बसल्या, खुंट्याला दोघींचे हात, आई ओढणार इकडं, ही ओढणार तिकडं. जातं जागचं हलेना. दोघी घामाघूम आणि पीठ मूठभर. म्हशीला एका अंगाला बसून धार काढून घ्यायची सवय होती, ही दुसऱ्या अंगाला जाऊन बसली. म्हशीनं मान वळवून हे कोण आलंय ते नीट बघून घेतलं आणि मग चरवी लाथेनं गोठ्याबाहेर काढली.

मी हसत सांगतोय, पण आईला हसू येत नव्हतं. आई वाईट बाई नव्हती. डावा हात कशासाठी असतो हे तिच्या लेखी ठरलेलं होतं, आणि त्या हाताची भाकरी देवापुढं कशी ठेवायची हा तिचा खरा घोर होता. हळदीकुंकवाला आलेल्या बायका सुनेचं तोंड सोडून हात बघायच्या. आईनं आधी समजावलं. मग सुनेच्या डाव्या मनगटाला एक चिंधी बांधली, का तर हात उचलला की ध्यानात यावं. ध्यानात यायचं, ती उजवा हात पुढं करायची, आणि काहीतरी सांडायचं.

मार्गशीर्षात आईनं निकाल सांगितला. संक्रांतीला सुनेचा भाऊ तिला न्यायला येणार होता. आई दादांना म्हणाली, माझ्या देखत आणि तिच्याही देखत, "संक्रांतीपातूर हात वळला तर पुन्यांदा आणू. न्हाईतर राहू दे तिकडंच."

दादा बोलले नाहीत. ते बोलत नसतच. मी तर काय बोलणार. वीस वर्षांचा घोडा होतो, पण त्या घरात माझ्यापेक्षा बैलाला जास्त विचारायचे. बैल निदान फुरफुरायचा. ती खाली मान घालून गहू निवडत होती. उजव्या हातानं निवडत होती, आणि खडे ठेवून गहू टाकत होती.

त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना. दहा वाक्यं बोललेल्या बाईसाठी जेवण कडू व्हावं, हे माझं मलाच नवल वाटायचं.

आता नाड्याकडं येतो. नाडा म्हणजे मोटेचा जाड दोर. कातड्याची मोट विहिरीत सोडायची, तिला नाडा बांधलेला. तो विहिरीवरच्या चाकावरून येऊन बैलांच्या जुवाला अडकवायचा. बैल धावेच्या उतारानं खाली गेले की मोट भरून वर येते आणि पाणी पाटाला लागतं. कांद्याचं सगळं जगणं त्या एका दोरावर. आमचा जुना नाडा झिजला होता, दोन ठिकाणी त्याला म्हाताऱ्याच्या कानासारखे केस आले होते. विकतचा दोर आणायची आमच्यात चाल नव्हती. बांधावर घायपात होती, ओढ्याला पाणी होतं, घरचे हात होते.

घायपातीचं पान म्हणजे तलवार, टोकाला काटा. कापताना रस लागला की अंगाची आग होते आणि माणूस दिवसभर खांबाला पाठ घासत फिरतो. ती पानं ओढ्याच्या डबक्यात दगडाखाली बुडवून ठेवायची. पंधरा-वीस दिवसांत कुजतात, आणि असा वास सुटतो की लोक ओढ्याची वाट सोडून लांबनं जातात. मग ती काढून दगडावर बडवायची, धुवायची. त्या घाणीतून पांढराशुभ्र वाख निघतो, हातभर लांब, रेशमासारखा चमकणारा. पहिल्यांदा बघणाऱ्याला खरं वाटत नाही.

हे सगळं मी आणि दादांनी केलं, आणि वाख वाळून दोर वळायची वेळ आली तशी दादांची पाठ धरली. दोर वळायला दोघं लागतात. एकानं वाख मांडीवर घेऊन बसायचं आणि थोडा थोडा सोडत राहायचं. दुसऱ्यानं फिरकी फिरवायची. फिरकी म्हणजे लाकडाची मूठ आणि तिच्याभोवती गरगरणारी आडवी काठी. काठीला वाखाचं टोक बांधलेलं असतं, काठी फिरेल तसा पीळ पडतो आणि दोर लांबेल तसं फिरवणाऱ्यानं मागं मागं जायचं. दादांना उभं राहवत नव्हतं. ते ओसरीवर पडल्या पडल्या म्हणाले, सुनेला घे, फिरकीच तर फिरवायचीय.

आई आधी नको म्हणाली. मग तिलाच वेगळं सुचलं. सुनेला म्हणाली, उजव्या हातानं फिरव, दिवसभर फिरव, हात आपोआप वळंल. संक्रांतीला वीसेक दिवस होते. आईनं हे चांगल्या मनानं केलं, एवढं मी तिच्या बाजूनं सांगून ठेवतो.

विहिरीपासून बांधापर्यंत सरळ वाट होती, तिथं बसलो. मी वाख घेऊन बाभळीखाली, समोर हातभर अंतरावर ती, डोक्यावर पदर, हातात फिरकी. तिनं उजव्या हातानं पहिला फेरा घेतला, ठीक. दुसऱ्या फेऱ्याला काठी कपाळावर बसली. तिसऱ्याला माझ्या. मी इकडंतिकडं बघितलं. आई घरी, दादा ओसरीवर. म्हटलं, इथं कोण बघतंय, डाव्यानं फिरव. तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं काही मी तिला अख्खं गाव बक्षीस दिलं. चिंधी सोडली, कमरेला खोवली, फिरकी डाव्या हातात घेतली, आणि भुंग्यासारखा आवाज सुरू झाला. अशी फिरकी मी दादांच्या हातातसुद्धा फिरताना बघितली नव्हती.

आणि मग तिनं तोंड उघडलं. सात महिन्यांनी तिनं मला पहिली गोष्ट काय विचारली, तर "त्या दिशी नाकात लई खुपलं का वो?"

मी इतका हसलो की वाख तुटला.

दोर वळण्याची एक गंमत आहे, ती ज्यानं वळलाय त्यालाच कळेल. सुरुवातीला दोघं गुडघ्याला गुडघा लावून असतात. जसा दोर वाढतो तसा एक जण लांब जातो. म्हणजे बोलणं कुजबुजीनं सुरू होतं, दहा हातांवर साध्या आवाजात येतं आणि चाळीस हातांवर बोंबलावं लागतं. आम्हाला हे पहिल्या दिवशी उमगलं नाही. ती मागं मागं जात राहिली आणि आम्ही त्याच गोष्टी बोलत राहिलो. शेवटी ती पार बांधाला टेकली आणि तिथून ओरडून तिनं विचारलं, माझ्या हातचं कालवण खारट लागतं का. मी उत्तर देण्याआधी शेजारच्या रानातून आवाज आला.

"लागतं. पन त्यो सांगायचा न्हाई."

ते आमचे तात्या. विहीर आमच्यात आणि त्यांच्यात सामाईक, चार दिवस आमची मोट, चार दिवस त्यांची. नाडाही दोघांचा एकच. वयानं दादांच्या बरोबरीचे, दाढेखाली कायम तंबाखू, आणि जीभ अशी की सुतारानं रंधा मारायला मागून न्यावी. ते कांद्याच्या वाफ्यात वाकून खुरपत होते आणि आमचा अर्धा संसार त्यांनी ऐकला होता. ती लाजून खाली बसली, फिरकी सुटली, आणि सगळा पीळ उलगडत माझ्यापर्यंत आला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही शहाणे झालो. जवळ असताना आतल्या गोष्टी बोलायच्या, लांब गेल्यावर तात्यांना ऐकवायजोग्या. लांबून ती बोंबलायची, यंदा गहू बरा दिसतोय. मी बोंबलायचो, व्हय, बरा दिसतोय. जवळ यायचं असेल तर वाख तुटायला लागायचा. दिवसात चार-पाच वेळा तुटायचा. वाख चांगला होता. दादा संध्याकाळी दोराची लांबी बघायचे आणि मिशीला हात लावून विचारात पडायचे. म्हणायचे, यंदा घायपातीत दम न्हाई.

काय बोललो त्या दिवसांत? सांगण्यासारखं काही नाही. तिला माहेरी, मारुंजीच्या माळावर, लहानपणी सशाचं पिल्लू सापडलं होतं ते बोललो. मला पोहता येत नाही, हे मी सबंध गावात पहिल्यांदा तिला सांगितलं. तिनं विचारलं, मग मोटंवर कसं बसता? म्हटलं, डोळं मिटून. त्यावर ती फिरकी फिरवता फिरवता उकिडवी बसली, इतकी हसली. चालतीबोलती बाई किती हसू शकते याला काही मोजमाप नाही.

गेल्या साली ती गेली. लोक येतात, म्हणतात, भरल्या घरातून गेली, सोनं झालं, आता रडू नका. मी रडतो. त्यांच्या बापाचं काय जातं? पण हे दिवस लिहायला घेतले की रडू येत नाही, हसू फुटतं. सून आतून विचारते, आप्पा, काय झालं. काय सांगू तिला, म्हैस आठवली?

असो. दोर तीन पेडांचा असतो. तीन वेगळे पेड वळायचे आणि मग तिन्ही एकत्र पिळून नाडा करायचा. दोन पेड आम्ही दोघांनी केले. तिसऱ्याच्या वेळी ती चार दिवस बाहेर बसली, तेव्हा त्या दिवसांत बाईनं कशाला शिवायचं नसे. दादांची पाठ तोवर सुधारली होती. तिसरा पेड मी आणि दादांनी केला. दादांनी फिरकी उजव्या हातात घेतली, नेहमीसारखी. मला त्या घडीला कळायला हवं होतं. उजव्या हातानं फिरकी एका बाजूला फिरते, डाव्या हातानं दुसऱ्या. पीळही तसाच पडतो. एवढं साधं. पण माझं ध्यान दोरात कधी नव्हतंच.

संक्रांत चार दिवसांवर असताना दादांनी तिन्ही पेड एकत्र घ्यायचं ठरवलं. वाफे तहानले होते, जुना नाडा आदल्या दिवशी एका जागी अर्धा तुटला होता. तात्या आले, कारण नाडा त्यांचाही. आई न्याहारी घेऊन आली आणि सुनेचा हात किती वळला ते बघायला थांबली. ती चिंधी बांधून, पदर घेऊन आईच्या मागं उभी राहिली. तिन्ही पेडांची एकेक टोकं बाभळीला बांधली, दुसरी टोकं एकत्र करून दादांनी पिळायला घेतली.

तो दोर नव्हता, भांडण होतं. दोन पेड आवळायला लागले तसा तिसरा सुटायला लागला. दादांनी उलटं फिरवलं तर तिसरा आवळला आणि दोन सुटले. मध्येच त्याला कुबडं आली, मग तो जमिनीवर वळवळायला लागला. तात्या म्हणाले, पाय आवरा, चावंल. दादांनी जोर लावला, हातातून टोक निसटलं आणि ते असं उडालं की तात्यांचं मुंडासं बाभळीच्या काट्यात जाऊन बसलं.

कुणी हसलं नाही. म्हणजे मी आतल्या आत हसत होतो, पण तेही थांबलं, कारण दादा गुडघ्यावर बसून पेड बोटांनी तपासत होते. एक बघितला, दुसरा बघितला, तिसरा बघितला. मग त्यांनी मान वर केली आणि सरळ तिच्या मनगटाकडं बघितलं. आईलाही कळलं. आईचं तोंड मी अजून विसरलो नाही. रागापेक्षा फसवल्याचं जास्त होतं त्यात. पंधरा दिवस पोरीचा हात वळतोय म्हणून तिनं देवापुढं दिवा लावला होता.

आई म्हणाली, झालं, भावाबरोबर जाईल आणि तिकडंच राहील. दोराचा सत्यानाश केला, कांदा वाळवला, आणि वर लबाडी.

तिथं मी बोलायला हवं होतं. मीच सांगितलं होतं तिला. वीस वर्षांचा होतो, आईच्या समोर होतो, ही काही सबब नाही. दोन-तीन श्वास मी गप्प राहिलो, आणि ते दोन-तीन श्वास मला पुढं कितीतरी वर्षं सलले. तिनं त्यांचा विषय पुन्हा कधी काढला नाही, मीच काढायचो. मग बोललो. म्हटलं, आये, डाव्यानं फिरव म्हणून मीच सांगितलं, तिचं काय चुकलं न्हाई. आवाज बारीक निघाला, पण निघाला. आई म्हणाली, तुला तर मी घरी गेल्यावर बघते.

दादा अजून पेडच चाचपत होते. आणि तेव्हा ती बोलली. सासऱ्यापुढं सून बोलते, तेही चारचौघांत, हे आमच्यात कुणी ऐकलं नव्हतं. पदर नाकापर्यंत ओढलेला, आवाज अगदी गरीब.

"मामंजी, दोन पेड सारखं हायती. उलटा तुमचाच हाय."

मग तात्यांना हसू फुटलं. डोक्यावर मुंडासं नाही, टाळू चमकतेय, आणि माणूस बांधावर बसून मांड्या बडवतोय. म्हणायला लागले, मतदान झालं, दोन विरुद्ध एक, पाटील पडले. दादांनी त्यांच्याकडं बघितलं, पेडाकडं बघितलं. हसले की नाही ते मिशीमुळं सांगता येत नाही. म्हणाले, खरं हाय. सोडा माझा पेड.

दुसरा वाख काढायला, कुजवायला वेळच नव्हता. तिसरा पेड उकलून त्याचाच वाख पुन्हा वळायचा, आणि या खेपेला तिन्ही सारखे म्हणजे डाव्या हाताचे. मला दादांनी बैलांकडं हाकललं, कारण माझ्या हातात वाख फार तुटतो, हे आता त्यांच्या ध्यानात आलं होतं. वाख सोडायला ते स्वतः बसले. समोर फिरकी घेऊन सून.

ते बघायला मिळालं याचं मला अजून समाधान आहे. सात महिन्यांत दादा सुनेशी एक शब्द बोलले नव्हते, पाणी हवं असेल तर हवेला सांगायचे. पहिले दहा हात दोघं मुके. वीस हातांवर वाख जाड सुटायला लागला तसं तिला सांगणं भाग पडलं, मामंजी, बारीक सोडा. तीस हातांवर दादांनी विचारलं, तुझ्या म्हायारी बैल किती. चाळीस हातांवरून पदर कुणाला दिसतोय? ती तिकडून बोंबलतेय, एक बैल मारका हाय, त्याला माझ्या बापाशिवाय कुनी जुपत न्हाई. दादा इकडून बोंबलतायत, त्याला वेसण बारीक घाला म्हणावं. आई वाटेच्या मधोमध उभी, एकदा इकडं मान, एकदा तिकडं. दादांचा एवढा आवाज तिनंही संसारात ऐकला नसावा. एकदा वाख तुटला. तो खरंच तुटला होता असं माझं मत आहे, तात्यांचं वेगळं होतं.

दुपारपर्यंत पेड झाला. तिन्ही एकत्र घेतले. दादांनी पिळलं, आणि या खेपेला तीन पेड असे एकमेकांत जाऊन बसले जणू तिथंच जन्मले होते. गोल, घट्ट, मनगटाएवढा जाड नाडा. फक्त त्याच्या तिरक्या रेघा उलट्या बाजूला पडलेल्या. बघणाऱ्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं आणि काय चुकलंय ते कळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटेला लावला. दादा म्हणाले, पहिली मोट मी हाकणार. मोट विहिरीत गेली, बुडबुडली, भरली. दादांनी बैलांना हाक दिली आणि बैल धावेवरून उतरायला लागले तसे ते नाड्यावर बसले, मोट हाकणारा बसतो तसे. नाडा ताठला. चाक करकरलं. ती माझ्या मागं उभी होती, तिनं माझा सदरा मुठीत धरला होता, आई बघत असताना. मोट वर आली. जुन्या नाड्यावर मोट वर येता येता एका बाजूला गिरकी घ्यायची, ही दुसऱ्या बाजूला गिरकी घेत आली, जणू पाण्यालाही कुणी सांगितलं होतं. भडाभडा पाणी पाटाला लागलं. एक मोट झाली, दहा झाल्या, न्याहारीचा भोंगा झाला तरी दादा थांबेनात. नाड्याचा पीळ तसूभर सुटला नाही.

मग तात्यांनी खोड काढली. उद्यापासून पाळी त्यांची होती. ते म्हणाले, सगळं झाक हाय, पन दोर म्हटला की कुठंतरी झिजणार. पेड तुटला तर सांधायचा कुनी? त्यांनी नव्या पेडाचा उरलेला तुकडा घेऊन दाखवलं. त्यांचा हात सवयीनं उजवीकडं पीळ द्यायला जायचा. दादांनी करून बघितलं, त्यांचंही तेच. मी केलं, माझं तर बोलायलाच नको. तिच्या हातात तुकडा दिला. तिनं चिंधी सोडली, ती आईच्या देखतच, आणि बोलता बोलता सांधा घातला.

दादा आईकडं वळले. आईच्या त्या निकालावर ते पहिल्यांदाच बोलले.

"हिला तिकडं ठिवली तर नाडा तुटल्यावं काय बैलगाडीत घालून मारुंजीला न्यायचा?"

आई म्हणाली, "आन् घरात काय करंल ही?"

"घरात तू हायस की."

आईनं न्याहारीची पाटी उचलली, चार पावलं गेली, परत आली आणि सुनेला म्हणाली, देवाची भाकरी मी करीन, बाकीच्या तू कर, कशानं करायच्या त्यानं कर. एवढं बोलून ती धावेवरून तरातरा निघून गेली. तात्या म्हणाले, वहिनी, आमाला त्यातली एक धाडा, खारट बघून.

संक्रांतीला तिचा भाऊ आला. बिचारा घाबरतच आला, बहिणीला कायमची न्यायची असं त्याच्या कानावर गेलं होतं. दादांनी त्याला तिळगूळ दिला आणि बजावलं, आठ दिवसांनी तूच आणून सोड, नवव्या दिवशी आमची मोट आहे. ते गेले. मी देवडीत उभा राहून बघत होतो तर आईनं मागून विचारलं, काय बघतोस, बैलांना पाणी दाखवलंस का.

त्या दिवसांत मी चार वेळा जाऊन नाडा बघून आलो. तो काही झिजत नव्हता. मला तर वाटायला लागलं, दगडावर घासून थोडा झिजवावा.

सहाव्या दिवशी सकाळी मी मोटेच्या चाकाला तेल घालत होतो आणि बांधावरून ती येताना दिसली. मागं भाऊ, डोक्यावर गाठोडं, दमलेला. ती घराकडं न जाता सरळ विहिरीवर आली. माझ्याकडं बघितलं नाही. वाकली, नाडा हातात घेतला, टोकापासून टोकापर्यंत बोटांनी चाचपत गेली, दोन-तीनदा पीळ दाबून बघितला. मग माझ्याकडं वळली.

मी म्हटलं, दोन दिवस आधीच आलीस, तिकडं करमलं न्हाई का.

म्हणाली, नाड्याची काळजी लागली हुती.

मी म्हटलं, असू दे. नाड्याची तर नाड्याची.